सोंड पाहिलेला नावाडी

बोरगाव थडीच्या घाटावर म्हाळू आला, तेव्हा तू कुठला, कुणाचा, असं त्याला कोणी फारसं विचारलं नाही. जुना नावाडी हिवतापानं गेला होता. गंगा दुथडी भरून चालली होती आणि पलीकडं हिंगणी थडीला जाणारी माणसं दोन दिवस काठावर खोळंबली होती. गोदावरीला त्या मुलखात सगळे गंगाच म्हणतात. हा चाळिशीला टेकलेला, रुंद खांद्यांचा माणूस नावेत चढला, वल्ही हातात घेतली आणि बघता बघता त्यानं नाव पलीकडं नेऊन लावली. गावचे पाटील विठ्ठलराव काठावर उभे होते. ते म्हणाले, ऱ्हा इथंच. तो राहिला.

तो मूळचा पाटोद्याकडचा, मेंढपाळाच्या घरचा. संवत छपन्नाच्या दुष्काळात त्याच्या घरची सव्वाशे मेंढरं चाऱ्यावाचून मेली. थोरला भाऊ बंकट उरलेली आठ-दहा जनावरं धरून गावीच राहिला. धाकटा म्हाळू अठरा-एकोणीस वर्षांचा होता. पोटासाठी चालत चालत तो घाट उतरला आणि कोकणात हर्णैच्या बंदरात जाऊन एका गलबतावर खलाशी म्हणून लागला. मोगलाईतल्या कोरड्या माळावरच्या पोराला समुद्रानं पहिलं वर्षभर नुसतं ओकायला लावलं. मग तो रुळला, आणि पुढं बरीच वर्षं शीड, दोर आणि खारं पाणी यांतच वावरला. एका दुपारी वादळात सापडून त्याचं गलबत फुटलं. आठ माणसांतली दोनच जिवंत राहिली. म्हाळू त्यांतला एक. मग मात्र तो बंदरात थांबला नाही, आपल्या मुलखाला परत आला.

भावानं भाकरी दिली, पण मेंढरं काही वाटून दिली नाहीत, आणि यानं ती मागितलीही नाहीत. पहिल्याच दिवशी त्यानं बंकटला आणि भावजय सारजाबाईला सांगितलं होतं, की समुद्रावर काळ्या ढगातून सोंड खाली उतरते, खालचं पाणी घुसळत वर चढतं आणि तिच्या वाटेत सापडलेलं गलबत काडीसारखं मोडतं. बंकट पोट धरून हसला होता. "ढगाला सोंड? आन् शेपूट कुटं आसतंय रं?"

पुढं पोटासाठी फिरत फिरत तो गंगेकाठी आला. बोरगावातही त्यानं एकदा पारावर ही गोष्ट सांगून पाहिली. तिथंही माणसं हसली, आणि त्या दिवसापासून त्याला 'सोंडवाला' हे नाव पडलं ते पडलंच. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. घाटाच्या वरच्या अंगाला त्याची खोपटी होती. स्वतःपुरती भाकरी थापायची, खायची, नाव सोडायची, नाव बांधायची. माणसं चढली की तो म्हणे, "बसा." नाव धारेला लागली की म्हणे, "हलू नगा." पलीकडं पोचलं की, "उतरा." कित्येक दिवस असे जायचे, की या तीन शब्दांपलीकडं त्याच्या तोंडून काही निघायचं नाही, आणि ते कोणाच्या ध्यानातही यायचं नाही.

असा चौथा पावसाळा सरत आला होता. हस्त नक्षत्र लागलं होतं. सकाळी कडक ऊन पडायचं, दुपारनंतर आभाळ भरून यायचं आणि विजा कडाडायच्या. त्या दिवशी सकाळी पहिल्याच खेपेला हिंगणीहून बद्रीनाथ नावाचा सालगडी आला. नावेत बसल्या बसल्या तो घाईघाईनं सांगायला लागला, "चतुराबाईचं काय खरं न्हाई. उरात घरघर लागली. लेकीचं नाव काढतीय सारखं." चतुराबाईची लेक केसरबाई म्हणजे विठ्ठलराव पाटलांची बायको. म्हाळूनं वल्ही जरा जोरानं मारली.

बद्रीनाथ धावतच गावात गेला. पण पाटील गेवराईला कचेरीत गेले होते, आणि घरच्या धन्यावाचून बाईनं निघायची रीत नव्हती. ते घोड्यावरून परत आले तेव्हा दुपार कलली होती. आल्या पावली ते केसरबाईला घेऊन घाटावर आले. बरोबर बद्रीनाथ होता, पाटलांचा गडी सटवा होता, आणि बाजाराहून परतणारी हिंगणीची चार-पाच माणसं कधीची बसून होती.

म्हाळू नावेजवळ गुडघाभर पाण्यात उभा होता आणि वरच्या अंगाला, पैठणच्या दिशेला बघत होता. वारा पार पडला होता. झाडाचं पानही हलत नव्हतं. पाण्यावर तेलासारखा तवंग आल्यागत वाटत होतं. वायव्येला ढग उभा राहिला होता. त्याचा माथा पांढराशुभ्र होता, पण तळ निळाकाळा, सुरीनं कापल्यासारखा सपाट. त्या तळाला म्हशीच्या कासेसारखे गोळे लोंबत होते, आणि त्यातला एक बाकीच्यांपेक्षा खाली आला होता. मधेच वीज चमकली. म्हाळूनं मनात आकडे मोजले. पहिल्यांदा गडगडाट ऐकू आला तेव्हा तो चाळिसापर्यंत पोचला होता. दुसऱ्यांदा तीस. आता पंचवीस.

केसरबाई थेट नावेत जाऊन बसली. मांडीवर गाठोडं होतं आणि डोळे पलीकडच्या काठावर.

म्हाळू पाटलांना म्हणाला, "मालक, नाव आत्ता न्हाई जायची."

"कावून?"

"आभाळ बघा वरलं. ते इकडंच सरकाया लागलंय. मधे धारंत गाठलं तर काय हातात ऱ्हायचं न्हाई. दोन घटका थांबा. गेलं की लगीच सोडतो."

"दोन घटका?" विठ्ठलरावांचा आवाज चढला. "हिची आई घरघर लागून पडलीय बे! ढग रोजच येत्यात. काल आला न्हवता का? परवा न्हवता आला?"

"आजचा तसला न्हाई."

"कसला हाय मग?"

 काठावरच्या माणसांतलं कोणीतरी हळूच म्हणालं, "सोंड दिसली आसंल त्याला," आणि दोघंतिघं हसली. म्हाळूचे कान तापले. पण तो नावेच्या तोंडाशी तसाच उभा राहिला.

मग केसरबाई बोलली. आजवर ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. "म्हाळूबा, सोड रं नाव. माझी आई वाट बघती."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचे ओठ सुकले होते.  एकदा त्यानं दोराच्या गाठीला हातही लावला. तेवढ्यात पुन्हा वीज चमकली आणि या खेपेला गडगडाट वीस आकड्यांतच आला.

"बाई, मला न्हाई सोडता येत," तो म्हणाला.

"व्हय बाजूला," विठ्ठलराव ओरडले. "सटवा, धर वल्हं! तू ने."

सटवा दांडगा गडी होता, लहानपणापासून गंगेत पोहलेला. तो नावेकडं आला. तो वल्ह्याला हात घालणार, इतक्यात म्हाळूनं दोन्ही वल्ही उचलली आणि होती नव्हती ती ताकद लावून धारेत भिरकावून दिली. ती एकदा बुडाली, वर आली आणि लाल पाण्यावरून झपाट्यानं खाली निघून गेली.

 मग विठ्ठलरावांनी पायातला जोडा काढला. म्हाळूनं हात वर केला नाही. तो मार खात उभा राहिला, आणि मार खातानाही त्याची नजर आभाळाकडंच होती, हे बघून पाटलांना आणखीच चेव आला. शेवटी बद्रीनाथनं त्यांना धरलं. केसरबाई नावेतून उठली नाही, रडली नाही. पलीकडच्या काठाकडं बघत तशीच बसून राहिली.

वारा आला. वाळू उडाली, पाण्यावर शहारा उठला, दोराला बांधलेली नाव तीन-चारदा काठावर आपटली. टपोरे थेंब पडले. सगळी माणसं वडाखाली पळाली, तर म्हाळू ओरडला, "झाडाखाली नगा! खाली बसा, उघड्यावर बसा!" कोणी ऐकलं नाही. आणि मग तो ढग वळला. अंबडच्या बाजूला, दूर उत्तरेला त्याच्या काळ्या सरी लोंबताना दिसल्या. दोन विजा तिकडं पडल्या. इकडचा वारा ओसरला. अर्ध्या घटकेत ऊन पडलं, आणि सगळी गंगा पितळी परातीसारखी चकाकायला लागली.

कोणी हसलंही नाही. हसले असते तर म्हाळूला बरं वाटलं असतं.

"येवढ्यासाठी?" सटवा म्हणाला. "येवढ्यानं नाव बुडती व्हय बे?"

सटवा गावात जाऊन वेळू आणि फळ्या घेऊन आला. त्या बांधून कामचलाऊ वल्ही होईपर्यंत सूर्य मावळतीला टेकला. असल्या वल्ह्यांनी भरल्या धारेत नाव न्यायची हिंमत शेवटी सटवाची झाली नाही, म्हणून पुन्हा म्हाळूलाच चढावं लागलं. सुजलेल्या खांद्यानं तो वल्हवत होता. नावेत नऊ माणसं होती, सगळी आपापली जागा धरून. "बसा, हलू नगा" म्हणायची त्या दिवशी गरज पडली नाही.

हिंगणीच्या काठावर एक माणूस बोडक्या डोक्यानं उभा होता, पागोटं हातात धरून. नाव अजून दहा-वीस हात दूर होती. केसरबाईनं त्याला पाहिलं आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून म्हाळूचे हात थांबले. धारेनं नाव थोडी खाली नेली, आणि मग भानावर येऊन त्यानं ती काठाला लावली.

पुढं बद्रीनाथच्या तोंडून सगळ्यांना कळलं, की गुरं घरी यायच्या वेळेला म्हातारी गेली. म्हणजे नाव वेळेवर सुटली असती तर लेक ती जायच्या दोन घटका आधी पोचली असती. बोरगावात आणि हिंगणीत हा हिशोब प्रत्येकानं केला. म्हाळूनं तो सगळ्यांच्या आधी केला होता.

विठ्ठलराव त्याला एकच वाक्य बोलले, "पानी उतरलं की तोंड काळं कर." तोवर दुसरा इलाज नव्हता. माणसं नावेत चढायची, पण त्याच्याकडं पाठ करून बसायची. पाणी भरायला येणाऱ्या बायका त्याला पाहून घाटाच्या खालच्या अंगाला जायला लागल्या. पूर्वीही त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. पण ते न बोलणं वेगळं होतं, आणि हे वेगळं. संध्याकाळी खोपटीच्या दाराशी बसून तो भाकरीचा तुकडा मोडायचा आणि हातातच धरून ठेवायचा. त्या ढगाचा तळ त्याला पुन्हा पुन्हा आठवायचा. खरंच तसा होता का तो? का आपल्याच डोळ्यांत समुद्रावरचा तो दिवस भरून राहिलाय, आणि प्रत्येक ढगाला आपण तोच समजतोय? हे विचारावं असं जवळ कोणी नव्हतं.

चौदाव्या दिवशी केसरबाई परत निघाली. तिच्या सोबतीला माहेरची म्हातारी मोलकरीण छबुबाई होती, दोन्ही कानांनी ठार बहिरी. दुसरा कोणी उतारू नव्हता. आभाळ निरभ्र होतं, पाणीही थोडं निवळलं होतं. छबुबाई नावेच्या पुढच्या टोकाला बसून पेंगायला लागली.

नाव मधोमध आली तेव्हा केसरबाईनं विचारलं, "म्हाळूबा, त्या दिशी तुला काय दिसलं व्हतं?"

त्याचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं. इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. लोक सोंडेबद्दल विचारायचे, पण ते हसण्यासाठी.

"काय दिसलं ते सांगाया गेलो तर आधीचं सांगावं लागंल, बाई," तो म्हणाला.

"सांग."

मग तो बोलायला लागला. बोलायची सवय मोडली होती, म्हणून शब्द अडखळत येत होते.

"आमचा तांडेल, म्हंजी गलबताचा म्होरक्या, धाकोजी म्हनून व्हता. आभाळाचं लई कळायचं त्याला. वीज दिसली की आकडं मोजायचं, मला त्यानंच शिकवलं. आकडं कमी व्हाया लागलं की शीड उतरायचं, काठ धरायचा. सोंड दिसली तर ती कुनीकडं चाललीय ते बघायचं आन् तिच्या वाटंला आडवं पळायचं, तिच्या फुडं कंदीच न्हाई. आसंच आश्विनातलं दिस व्हते. कौलं भरून चाललो व्हतो. मी डोलकाठीवर चढून बसलेला. फुडं बंदर दोन कोस, मागं खाडी त्याहून जवळ. मधे ह्यो ढग उभा. त्याच्या बुडाला आसेच गोळे. एक खाली आलेला. खालून धाकोजीनं इचारलं, म्हाळू, तुला वरून काय दिसतंय? जाऊ या का माघारी फिरू?"

 नाव जरा तिरपी झाली होती, ती त्यानं सरळ केली.

"मंग?"

"मला सोंड फुटताना दिसत व्हती, बाई. बोटायेवढी. पन ती सगळी समिंदरावरची मानसं. मी घाटावरला, मेंढरामागचा. सुरवातीला लाट आली की मी डोळं झाकायचो, त्याची नक्कल करून दाखवायचे समदे. बारा वर्सं झाली तरी करायचे. माघारी फिरा म्हनलं आसतं तर पुना हसले आसते. म्हनून मी म्हनलो, जाऊ या."

केसरबाई त्याच्याकडं वळून बसली.

"कोसभर गेलो आन् सोंड पान्याला टेकली. खाली पानी गोल उकळाया लागलं, पांढरं फटक झालं. धाकोजीनं सुकानू फिरवलं, आडवं पळायला बघितलं. पन तेवढ्यात वादळाचा वारा आला, शीड फाटलं, डोलकाठीवर वीज पडली. मी आधीच उडी टाकलेली. मंग ती सोंड गलबतावरून गेली. आवाज आसा, की दळायची दहा जाती एकदम फिरावीत. पुना बघितलं तर नुसत्या फळ्या. मी आन् इस्माईल म्हनून एक व्हता, आमी दोगं फळी धरून ऱ्हायलो. बाकीचे न्हाई सापडले."



मग केसरबाई म्हणाली, "म्हंजी त्या दिशी तू आमाला वाचवलं, आसं म्हनतोस?"

"न्हाई बाई. तसं कसं म्हनू? ढग वळला. नाव पोचली आसती. तुमाला आई भेटली आसती." त्यानं मान खाली घातली. "ढग वळंल हे मला ठाव न्हवतं, येवढंच. तवा समिंदरावर त्यो वळनार न्हाई हे बी ठाव न्हवतं."

"आई दाराकडं तोंड करून पडली व्हती म्हनं," केसरबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "पानी न्हाई मागितलं. आली का, आली का, येवढंच."

तो वल्हवत राहिला. 

"उद्या पुना तसंच आभाळ आलं, आन् मीच नावेत बसलेली आसले, तर सोडशील?"

"न्हाई सोडायचो," तो म्हणाला. ते म्हणताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हात वल्ह्यांत गुंतल्यामुळं त्याला ते पुसता आलं नाही.

बोरगावचा काठ आला. छबुबाईला आधी उतरवून केसरबाई उतरली. चिखलात पाय घसरू नये म्हणून म्हाळूनं वल्हं आडवं धरलं, त्याला धरून ती काठावर आली.

"तुझं खरं आसंल," ती म्हणाली. "पन मला त्याचा काय उपेग?"

आणि चालायला लागली. आठ-दहा पावलं गेल्यावर ती थांबली आणि वळली.

"ती मानसं. त्यांची नावं ठाव हायेत तुला?"

"हायेत की."

"सांग."

म्हाळू पाण्यात उभा होता. त्यानं एकेक नाव घेतलं. "धाकोजी तांडेल. त्याचा पुतन्या पदू. गोविंद भंडारी. हसन. लखू." त्यानं नावेच्या काठाला हात टेकला. "आन् कान्या. त्याचं लगीन ठरल्यालं व्हतं."

केसरबाई शेवटचं नाव येईपर्यंत उभी राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गावाच्या वाटेला लागली. पुन्हा तिनं मागं पाहिलं नाही, आणि पुढंही ती त्याच्याशी कधी बोलली नाही.

दिवाळीनंतर पाणी उतरलं. नाव सटवाच्या ताब्यात द्यायच्या दिवशी म्हाळूनं त्याला काठावर बसवलं आणि आकडे कसे मोजायचे, ढगाचा तळ कसा बघायचा, विजेच्या वेळी नावेत उभं का राहायचं नाही, हे सगळं सांगितलं. सटवा मान हलवत होता आणि नजरेनं नावेचा दोर चाचपत होता. सांगून झाल्यावर म्हाळूनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सटवा कंटाळून म्हणाला, "कळलं की. जा आता."

घोंगडी खांद्यावर टाकून तो निघाला. बीडवरून चौथ्या दिवशी पाटोद्याच्या अलीकडं बंकटच्या घरी पोचला. बंकट मेंढरं घेऊन लांब गेला होता. सारजाबाईनं त्याला भाकरी आणि कालवण वाढलं, आणि तो जेवत असताना समोर बसून त्याच्याकडं बघत राहिली. तो फार वाळला होता.

"आता हितंच ऱ्हानार न्हवं, भावजी?"

"न्हाई. हर्णैला चाललोय."

"पुना त्या समिंदरावर?"

"समिंदरावर न्हाई. आमच्या तांडेलाची बायकू हाय तिथं. तिला एक सांगायचं ऱ्हायलंय."

"येवढ्या लांब? काय सांगायचं?"

"तिच्या नवऱ्यानं मला इचारलं व्हतं, आन् मी खोटं बोललो, ते."

सारजाबाईला त्यातलं काही उमगलं नाही. पण ती हसली नाही. तिनं उठून दुरडीतल्या चार भाकरी फडक्यात बांधल्या, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि गाठ मारून त्याच्यापुढं ठेवल्या.

"ती तुमाला घरात तरी घील का?"

"ठाव न्हाई," म्हाळू म्हणाला. त्यानं हात धुतले, फडकं घोंगडीत गुंडाळलं आणि ऊन व्हायच्या आत कोकणात उतरणाऱ्या घाटाची वाट धरली.